नागीण की भुंगेरा? : पीडेरस कीटकाची ओळख, अधिवास आणि त्यापासून होणारा त्वचादाह

(आरोग्य-शिक्षणपर अभ्यासलेख)

प्रास्ताविक

पावसाची पहिली झड बसल्यापासून ते दिवाळीपर्यंत अमरावती व अकोला जिल्ह्यांतील दवाखान्यांत एका विशिष्ट तक्रारीचे रुग्ण येत असतात. रात्री अंगावर काहीही नसते. सकाळी मानेवर, गालावर किंवा दंडावर लालसर रेघ दिसते, आग होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या रेघेवर बारीक पाणीदार फोड उठतात. घरातील वडीलधारी मंडळी त्यास तत्काळ ‘नागीण’ असे नाव देतात. नागिणीचा वेढा पूर्ण झाल्यास मनुष्य दगावतो, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली असल्याने कुटुंब भयभीत होते. मग गेरूचा लेप, चुना, झाडपाला, उतारा असे उपाय सुरू होतात. रुग्ण रुग्णालयात पोहोचतो तेव्हा मूळ फोडांपेक्षा या उपायांनीच त्वचा अधिक बिघडलेली असते.

यांपैकी अनेक रुग्णांना नागीण झालेली नसते. सात-आठ मिलिमीटर लांबीचा एक भुंगेरा झोपेत अंगावर चिरडला गेल्याने त्याच्या शरीरातील दाहक द्रव त्वचेला लागलेला असतो. हा भुंगेरा ओळखता आल्यास अनावश्यक भीती, अनावश्यक औषधे आणि गरीब कुटुंबाचा अनावश्यक खर्च या तिन्ही गोष्टी टळतात. याउलट खरी नागीण असताना ‘किडा फिरला असेल’ म्हणून दुर्लक्ष झाल्यास तेही घातक ठरते. म्हणून विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी या कीटकाचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचे योजिले आहे.

कीटकाचे वर्गीकरण

भुंगेऱ्यांच्या गणात स्टॅफिलिनिडी नावाचे एक विशाल कुल आहे. इंग्रजीत या कुलातील कीटकांना ‘रोव्ह बीटल’ म्हणतात. या कुलाच्या साठ हजारांहून अधिक जाती आजवर वर्णिल्या गेल्या असून त्यांतील बहुतेक मनुष्यास सर्वथा निरुपद्रवी आहेत. त्वचादाह करणारे भुंगेरे मुख्यत्वे ‘पीडेरस’ या प्रजातीत व तिच्या निकटच्या आप्तांत मोडतात. पीडेरस प्रजातीत सहाशेहून अधिक जाती असून त्या अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत पसरलेल्या आहेत.

या प्रजातीस पीडेरस हे नाव डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १७७५ मध्ये दिले. युरोपापासून आशियापर्यंत पसरलेल्या ‘पीडेरस फस्किपीस’ या जातीचे वर्णन इंग्रज शास्त्रज्ञ कर्टिस यांनी १८२६ मध्ये केले, तर भारतात आढळणाऱ्या ‘पीडेरस मेलॅम्पस’ या जातीचे वर्णन जर्मन शास्त्रज्ञ एरिक्सन यांनी १८४० मध्ये केले. भारतातील या कुलाचा पद्धतशीर ग्रंथ लिहिणारे माल्कम कॅमेरॉन हे व्यवसायाने डॉक्टर होते. ब्रिटिश आरमारात शल्यचिकित्सक म्हणून सेवा केल्यानंतर त्यांनी डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेत कीटकांचा अभ्यास केला. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतील त्यांचा पीडेरससंबंधीचा खंड १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या कीटकाचा वैद्यकीय उल्लेख त्याहून कितीतरी जुना आहे. इ. स. ७३९ च्या सुमारास चीनमधील वैद्य चेन त्सांग-ची यांनी त्वचेवर फोड आणणाऱ्या अशाच एका कीटकाची नोंद केली होती आणि त्याच्या दाहक गुणाचा उपयोग गोंदण काढण्यासाठी होत असल्याचे लिहिले होते.

ओळखण्याच्या खुणा

हा भुंगेरा प्रथमदर्शनी मोठ्या मुंगीसारखा भासतो. तथापि पुढील खुणा ध्यानात ठेवल्यास सामान्य माणसासही तो ओळखता येतो.

१) लांबी साधारणतः ७ ते १० मिलिमीटर, शरीर अरुंद व लांबट, तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित लांब.

२) डोके काळे. त्यामागील वक्षाचा भाग नारिंगी-लाल.

३) पाठीच्या मध्यभागी निळसर किंवा हिरवट झाक असलेली चकचकीत, आखूड पंखावरणे. ती उदराचा थोडाच भाग झाकतात. उडण्याचे खरे पंख त्यांखाली घडी घालून ठेवलेले असतात.

४) उदर उघडे असून त्याचे पुढील भाग नारिंगी व शेवटचे टोक काळे. अशा रीतीने काळा, नारिंगी, निळा, नारिंगी, काळा असा पट्ट्यांचा क्रम दिसतो.

५) डिवचल्यास तो विंचवाप्रमाणे उदराचे टोक वर उचलतो. मात्र त्यास नांगी नसते. तो डंख मारीत नाही व चावूनही हा विकार होत नाही.

६) उडता येत असूनही तो बहुधा जलद धावतो.

आपल्या भागात या भुंगेऱ्याची गल्लत ‘हिंगे’ या नावाने शेतकऱ्यांस परिचित असलेल्या कीटकाशी होऊ शकते. हिंगेही फोड आणतात, परंतु त्यांचे कुल निराळे आणि विषही निराळे. तुरीच्या किंवा मुगाच्या फुलांवर दिवसा बसलेले, काळ्या पंखांवर नारिंगी-पिवळे पट्टे असलेले हे जाड भुंगेरे पीडेरसपेक्षा पुष्कळ मोठे असतात आणि त्यांची पंखावरणे संपूर्ण उदर झाकतात. त्यांच्यामुळे उठणारा फोड बहुधा मोठा, टपोरा व कमी वेदनेचा असतो. पीडेरसमुळे मात्र आधी आग होणारी लाली येते आणि त्यावर बारीक फोड उठतात.

जातीची निश्चिती

वरील खुणांवरून प्रजाती ओळखता येते, जाती नव्हे. पीडेरसच्या अनेक जातींचे रंग जवळजवळ सारखेच असतात. ‘फस्किपीस’ या लॅटिन नावाचा अर्थ ‘काळसर पायांचा’ आणि ‘मेलॅम्पस’ या ग्रीक नावाचा अर्थही ‘काळ्या पायांचा’ असाच आहे. यावरून केवळ रंगावर विसंबून राहणे किती अपुरे आहे, याची कल्पना येईल. तज्ज्ञ मंडळी सूक्ष्मदर्शकाखाली पंखावरणांची लांबी-रुंदी, त्यांवरील खळगे, पायांवरील काळेपणाची मर्यादा आणि विशेषतः नराच्या जननेंद्रियाची रचना तपासून जाती निश्चित करतात.

रुग्णाच्या उपचारासाठी जाती ठाऊक असणे आवश्यक नाही. परंतु आपल्या परिसराच्या अभ्यासासाठी ती माहिती मोलाची आहे. घरात किंवा वसतिगृहात असे भुंगेरे आढळल्यास उघड्या हाताने न धरता कागदाच्या कडेने ते लहान बाटलीत घ्यावेत. बाटलीत सुमारे ७० टक्के अल्कोहोल असावे. चिठ्ठीवर पेन्सिलीने दिनांक, गाव, जागा (उदा. दिव्याखाली, धुऱ्यावर, कुटाराच्या ढिगाखाली) आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहून ती बाटलीत टाकावी. शाईचे अक्षर अल्कोहोलमध्ये पुसले जाते. अशी नोंदयुक्त बाटलीच अभ्यासकाच्या उपयोगाची ठरते. नोंदीविना नमुना कितीही उत्तम असला तरी त्याचा अधिवास कळत नाही. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि त्यात कीटकशास्त्राचे अध्यापन व संशोधन चालते. वैद्यक व कृषी या दोन शाखांनी एकत्र पाहावा असाच हा विषय आहे.

अधिवास : वऱ्हाडाच्या संदर्भात

पीडेरसला ओल हवी असते. त्याची मादी ओलसर मातीत किंवा कुजणाऱ्या पाल्यात एकेक अंडे घालते. अंडी व अळ्या कोरड्या हवेत तग धरीत नाहीत. अळीच्या दोन अवस्था, मग कोष आणि शेवटी प्रौढ भुंगेरा असा हा जीवनक्रम मातीच्या वरच्या थरातच पूर्ण होतो. म्हणूनच नदीकाठ, तळ्याचा काठ, धानाची बांधी, ओलिताखालील शेत आणि कुजका पालापाचोळा ही त्याची आवडती ठिकाणे होत.

वऱ्हाड हा कोरडवाहू मुलूख असला तरी पावसाळ्यात येथे अशा जागांची वाण नसते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची काळी चिकण जमीन पाण्याचा निचरा फार सावकाश करते. मोठा पाऊस झाल्यावर तेथे दिवसेंदिवस ओल टिकते. अकोला शहरातून वाहणाऱ्या मोर्णेचे काठ, काटेपूर्णा धरणाखालील ओलिताचे क्षेत्र, वरूड-मोर्शीच्या संत्राबागांतील आळी, मेळघाटातील ओढे व तेथील धानाची वावरे, अमरावतीच्या वडाळी तलावाचा परिसर, या सर्व ठिकाणी त्याला मानवणारी ओल व आडोसा असतो.

याखेरीज मनुष्यनिर्मित जागाही आहेत. कापून रचलेल्या सोयाबीनच्या गंजीखालची दमट जागा, गोठ्यामागील उकिरडा, कुटाराचा ढीग, नळाखाली सांडपाण्याने भिजलेला कोपरा आणि कुंड्यांखालची माती यांत हा कीटक आश्रय घेऊ शकतो.

दिवसा तो पिकात किंवा मातीत वावरतो आणि रात्री दिव्याकडे आकर्षित होतो. पांढऱ्या, निळसर झाक असलेल्या प्रखर दिव्यांकडे तो अधिक येतो. मलेशियातील पिनांग येथे धानशेतीलगतच्या उंच इमारतींत या भुंगेऱ्याचा उपद्रव का होतो, याचा अभ्यास झाला आहे. शेतात मशागत वा कापणी झाली म्हणजे आसरा मोडलेले भुंगेरे उडून वस्तीतील दिव्यांकडे येतात, असे तेथे दिसून आले. आपल्याकडे सोयाबीनची कापणी आश्विनात होते आणि त्याच सुमारास गावांत सणासुदीचे दिवे रात्रभर जळत असतात. शेताला लागून असलेल्या घरांनी, आश्रमशाळांनी व वसतिगृहांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. जागलीसाठी वावरात झोपणारे आणि वीज रात्री मिळते म्हणून डोक्याला विजेरी बांधून ओलित करणारे शेतकरी यांनाही हा धोका संभवतो.

हवामानाशी या कीटकाचे नाते किती निकट आहे, याची उदाहरणे अन्यत्रही आहेत. पूर्व आफ्रिकेत या कुळीच्या भुंगेऱ्यास ‘नैरोबी माशी’ म्हणतात, जरी ती माशी नव्हे. १९९७-९८ मध्ये एल निनोमुळे झालेल्या अतिवृष्टीनंतर केनियात तिचा मोठा उपद्रव झाला. भारतात जुलै २०२२ मध्ये पूर्व सिक्कीममधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सुमारे शंभर विद्यार्थ्यांना अशाच कीटकामुळे त्वचादाह झाल्याचे वृत्त देशभर गाजले होते.

विष कोठून येते?

या भुंगेऱ्याच्या शरीरद्रवात ‘पीडेरिन’ नावाचे रसायन असते. ते त्वचेच्या पेशींतील प्रथिननिर्मिती रोखते, त्यामुळे पेशी मरतात व फोड येतात. हे रसायन भुंगेरा स्वतः तयार करीत नाही. त्याच्या मादीच्या शरीरात राहणारे सूक्ष्म जिवाणू ते निर्माण करतात, असे जर्मन संशोधक योर्न पील यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय संशोधनातून पुढे आले. मादी हे विष अंड्यांना देते आणि त्यामुळे अंडी व अळ्या कोळ्यांसारख्या भक्षकांपासून वाचतात. मनुष्यास होणारा त्रास हा या संरक्षणव्यवस्थेचा केवळ आनुषंगिक परिणाम होय.

येथे एक व्यावहारिक मुद्दा स्पष्ट होतो. भुंगेरा अंगावरून नुसता चालत गेल्यास सहसा काही होत नाही. तो चिरडला किंवा चोळला गेला म्हणजेच विष बाहेर पडते. मेलेल्या भुंगेऱ्यातही ते टिकून राहते. म्हणून अंगावर बसलेला भुंगेरा मारू नये. फुंकर घालून उडवावा अथवा कागदावर चढवून दूर करावा.

लक्षणे व नागिणीशी तुलना

विषाचा परिणाम तत्काळ दिसत नाही. साधारणतः १२ ते ३६ तासांनी लाली व आग सुरू होते. त्यानंतर बारीक फोड येतात, काही पांढुरके होऊन पुवाने भरल्यासारखे दिसतात, मग खपली धरते. बहुतेक रुग्ण एक ते तीन आठवड्यांत बरे होतात. मागे राहिलेला काळसर डाग जाण्यास मात्र काही महिने लागू शकतात.

भुंगेऱ्यामुळे होणारा दाह बहुधा उघड्या अंगावर, म्हणजे चेहरा, मान, हात, पाय येथे होतो. हाताने चिरडत नेल्यामुळे तो चाबकाच्या वळासारखा सरळ रेषेत दिसतो. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या आतील बाजूस झाला असता दुमडणाऱ्या दोन्ही पृष्ठांवर समोरासमोर सारखेच चट्टे उमटतात. ही खूण फार बोलकी आहे. तसेच एकाच घरातील वा खोलीतील अनेकांना एकाच आठवड्यात त्रास होणे, हेही भुंगेऱ्याकडे निर्देश करते.

नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होणारा विकार असून तो मज्जातंतूच्या मार्गाने शरीराच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखा पसरतो. सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. फोड येण्यापूर्वी दोन-तीन दिवस त्या जागी ठणका असतो. उतारवयात व प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत तो अधिक आढळतो. ‘वेढा पूर्ण झाल्यास मृत्यू’ या समजुतीस वैद्यकीय आधार नाही. परंतु नागिणीवरील विषाणुरोधक औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास सर्वाधिक गुणकारी ठरते. कपाळ, नाक वा डोळ्याभोवतीची नागीण दृष्टीस धोका पोहोचवू शकते. म्हणून निदान घरच्या घरी करू नये. या लेखातील खुणा डॉक्टरांकडे नेमकी माहिती देता यावी यासाठी आहेत, डॉक्टरांऐवजी वापरण्यासाठी नाहीत.

लहान मुलांच्या बाबतीत हे चट्टे भाजल्यासारखे दिसतात आणि आई-वडिलांवर वा सांभाळणाऱ्यांवर विनाकारण संशय येतो. अशा वेळी घरातील दिवा कोठे आहे, मूल कोठे झोपते आणि शेजारी शेत आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

प्रथमोपचार

१) भुंगेरा चिरडला गेल्याचे लक्षात येताच ती जागा साबण व भरपूर पाण्याने धुवावी. हातही धुवावेत. त्याच हाताने डोळे चोळल्यास विष डोळ्यांत जाते.

२) त्या रात्रीचे कपडे, चादर व उशीचा अभ्रा धुवून टाकावा.

३) आग होत असल्यास स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवावी. फोड फोडू नयेत.

४) गेरू, चुना, दंतमंजन, रॉकेल किंवा कोणताही पाला लावू नये.

५) मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावे. दाह कमी करणारी स्टेरॉइडयुक्त मलमे उपयुक्त असली तरी चेहऱ्यावर व डोळ्यांजवळ ती मनाने वापरणे धोक्याचे आहे.

६) डोळ्यात जळजळ, लाली वा पापणीस सूज असल्यास स्वच्छ पाण्याने डोळा धुवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दुकानातून डोळ्याचे थेंब परस्पर आणू नयेत.

हा विकार संसर्गजन्य नाही. रुग्णास वेगळे बसवण्याचे, त्याची थाळी-पेला निराळा ठेवण्याचे काहीही कारण नाही. त्वचेवरील प्रत्येक डागाकडे भयाने पाहण्याची वृत्ती समाजात किती दुःख निर्माण करते, हे अमरावतीकरांना वेगळे सांगावयास नको. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले ते याच शहरात.

प्रतिबंध : फवारणी नव्हे, दिव्याची व्यवस्था

हा भुंगेरा शेतकऱ्याचा शत्रू नाही, हे आवर्जून नमूद करावेसे वाटते. तो मावा, तुडतुडे तसेच किडींची अंडी व लहान अळ्या खातो. कापूस, सोयाबीन व धान या पिकांत असे परभक्षी भुंगेरे उपकारक समजले जातात. त्यांच्या नाशासाठी धुऱ्यांवर व शेतांत विषारी औषधे फवारणे म्हणजे किडींना मोकळे रान देणे होय. शिवाय मेलेला भुंगेराही दाहक राहत असल्याने फवारणीने हेतूही साध्य होत नाही. उपाय करावयाचा तो वस्तीत, आणि तो स्वस्त आहे.

घरात रात्री अंथरुणाच्या थेट वर दिवा लावून झोपू नये. बाहेरचा दिवा दारापासून काही अंतरावर असावा आणि पांढऱ्याऐवजी पिवळ्या प्रकाशाचा असावा. खिडक्यांना बारीक जाळी व अंथरुणावर मच्छरदाणी असावी. झोपण्यापूर्वी अंथरूण-पांघरूण झटकावे. भिंतीलगतचा ओला पालापाचोळा, कुटार व उकिरडा दूर न्यावा. सकाळी दिव्याखाली पडलेले कीटक हाताने न उचलता झाडूने गोळा करावेत. हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव याच अमरावती जिल्ह्यातील. त्यांची शिकवण येथेही उपयोगी पडते.

रुग्णालयांसाठी हा विषय अधिक निकडीचा आहे. व्हरांड्यात रात्र काढणारे नातेवाईक प्रखर पांढऱ्या दिव्याखालीच जमिनीवर पथारी टाकतात. प्रसूती कक्षातील नवजात बालकास अंगावरचा किडा झटकता येत नाही. या दृष्टीने व्हरांड्यातील दिवे पिवळ्या प्रकाशाचे करणे, कक्षांच्या व नातेवाइकांच्या निवाऱ्याच्या खिडक्यांना जाळ्या बसविणे, नातेवाइकांना मच्छरदाण्या देणे आणि दर पावसाळ्यापूर्वी या कीटकाचे रंगीत चित्र बाह्यरुग्ण विभागात लावणे, या चार गोष्टी विश्वस्त मंडळाने विचारात घ्याव्यात, अशी विनंती आहे. देणगीदारांपैकी ज्यांना लहान रकमेतून प्रत्यक्ष उपयोगाचे काम व्हावे असे वाटते, त्यांनी एका खोलीच्या जाळीचा वा काही मच्छरदाण्यांचा भार उचलल्यास येत्या पावसाळ्यात तेथे झोपणाऱ्या प्रत्येकास त्याचा लाभ होईल.